शिलालेखाखालची नावे

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात डिजिटल फळ्यावर मी श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या शिलालेखाचे चित्र दाखवले. खाली मजकूर होता : 'मराठीतील पहिले वाक्य, इ. स. ९८३'. मुलांनी ते वहीत उतरून घेतले. घरी कन्नड बोलणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, हे कोणी वाचलं? दगडावर सन लिहिलाय का?" मला उत्तर देता येईना. चित्र मोबाइलवर आलेले होते. त्याखाली कोणाचेच नाव नव्हते.

सुट्टीत ग्रंथ काढून बसलो. येथील लेख बी. लुईस राइस यांनी १८८९ मध्ये एकत्र छापले. कन्नडचे थोर पंडित आर. नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ सालचा. या वाचनातून कळते ते असे : त्याच ठिकाणी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषा आहेत. मराठीच्या ओळी दोन. एक मूर्ती करविणाऱ्या चावुंडरायाची, दुसरी भोवतालचे आवार बांधविणाऱ्या गंगराजाची. हा गंगराज बाराव्या शतकातला. मराठी ओळींवर सन नाही; ९८३ हे साल मूर्तीच्या काळावरून बसवलेले. दोन्ही ओळी बाराव्या शतकातच कोरल्या असाव्यात, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. उलट अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखावर शक कोरलेला असून तो ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला आहे.

म्हणजे नाव गाळले की केवळ सौजन्य जात नाही; अंदाज आणि पुरावा यांतला फरकही पुसला जातो. आपल्यासारख्या दुभाषी मुलखात तर याची किंमत अधिकच. ज्या ओळींचा आपण मराठी म्हणून अभिमान बाळगतो, त्या अभ्यासकांसमोर ठेवण्यात एका कन्नड पंडिताचेही श्रम आहेत, हे आमच्या मुलांना कोण सांगणार?

शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला वर्गापुढे माझी चूक कबूल केली. आता पडद्यावरील प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहितो : चित्र कोणाचे, वाचन कोणाचे, कोठे पाहिले. संगणकाने रचून दिलेला मजकूर असेल, तर तसे लिहितो आणि मूळ ग्रंथ हाती येईपर्यंत तो वहीत उतरू देत नाही. त्या मुलीने वहीतले ९८३ खोडले नाही. पुढे फक्त लिहिले, 'अंदाजे'. मला तेवढे पुरे वाटले.