खांदेरी : दुर्ग, दीपस्तंभ आणि थळचा किनारा – एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : स्थानिक इतिहास, मराठा आरमार, दीपस्तंभ, खांदेरी, थळ

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे समुद्रकाठी वसलेली नाहीत. तथापि ज्या उल्हास नदीच्या खोऱ्यात ती वसली आहेत, ती नदी पुढे कल्याणजवळ खाडीचे रूप घेते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी जिंकल्यानंतर याच खाडीत मराठा आरमाराच्या जहाजबांधणीस प्रारंभ झाला. या आरमाराची मोठी कसोटी पुढे अलिबागनजीकच्या थळ गावासमोरील खांदेरी बेटावर लागली. आपल्या परिसरातील अनेक कुटुंबांचे मूळ घर कोकणातील किनारी गावांत आहे. सुटीत गावी गेल्यावर पुळण, दुर्ग आणि दीपस्तंभ पाहिले जातात. परंतु पुळण पर्यटनाची, दुर्ग मराठ्यांचा व दीपस्तंभ इंग्रजांचा, अशी विभागणी मनात रूढ असते. प्रस्तुत लेखात खांदेरीच्या आधारे या तिन्हींचा एकत्रित विचार केला आहे.

दुर्गाची उभारणी

खांदेरी बेट थळपासून सुमारे ५ कि.मी. अंतरावर, मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील प्रवेशमार्गालगत आहे. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली तेथे तटबंदीचे काम सुरू झाले. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे होणे मुंबईकर इंग्रजांना परवडणारे नव्हते. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाचे आरमार व इंग्रजांची जहाजे यांच्यात लढाई झाली. तीत ‘डव्ह’ ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली; मात्र ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे मराठ्यांच्या नौकांना माघार घ्यावी लागली.

असे असूनही बेट इंग्रजांना घेता आले नाही. याचे कारण किनाऱ्याच्या स्वरूपात सापडते. इंग्रजांची अवजड जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती. वारा पडला की ती जागीच खिळत. उलट मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांच्या बळावर उथळ पाण्यातून जात व रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवीत. १६८० च्या प्रारंभी सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर तटबंदी उभारली आणि इंग्रजांनी खांदेरीभोवतीची नाकेबंदी उठविली. पुढे १७१८ मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या काळात, गव्हर्नर बून याने खांदेरीवर केलेली स्वारीही निष्फळ ठरली.

दीपस्तंभाचे प्रयोजन

१८६७ मध्ये याच बेटाच्या उंचवट्यावर आठकोनी दीपस्तंभ उभा राहिला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेस प्राँग्ज दीपस्तंभ उभारण्यात आला. मुंबईचा सागरी व्यापार वाढत असतानाची ही कामे होत. दुर्ग आणि दीपस्तंभ यांची जागा एकच, त्यामागील भौगोलिक कारणही एकच. प्रयोजन मात्र परस्परविरुद्ध होते. दुर्गाचा उद्देश परक्या जहाजांस अडविण्याचा, तर दीपस्तंभाचा त्यांना सुखरूप वाट दाखविण्याचा होता.

किनाऱ्यावरील समाज

दीपस्तंभाचा प्रकाश मुख्यतः या पाण्याशी अपरिचित असलेल्या खलाशांसाठी होता. थळच्या कोळी बांधवांस भरती-ओहोटी, खडक व वारे यांचे ज्ञान पिढ्यान्पिढ्या होतेच. खांदेरीवरील वेताळाचे स्थान आजही त्यांचे श्रद्धास्थान आहे. १६७९ च्या संघर्षात निर्णायक ठरलेले ज्ञान याच प्रकारचे होते. लढाईची हकिकत इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नोंदली गेली. होडी वल्हविणाऱ्यांची नावे मात्र बव्हंशी अज्ञातच राहिली.

निष्कर्ष

१९९८ मध्ये या बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या अंतर्गत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ दुर्गांत खांदेरीचा समावेश आहे. या मान्यतेमुळे तट आणि तोफा यांचे जतन होण्यास साहाय्य होईल. तथापि यांत्रिक नौका व उपग्रहाधारित दिशादर्शन यांच्या काळात किनाऱ्यावरील वृद्धांचे मौखिक ज्ञान झपाट्याने लोप पावत आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना आपापल्या मूळ गावच्या किनाऱ्यावरील खडकांची स्थानिक नावे, वाऱ्यांची नावे, होड्यांचे प्रकार व ग्रामदेवतांच्या परंपरा यांची पद्धतशीर नोंद करण्याचे प्रकल्प द्यावेत. दगडी तटाची डागडुजी पुढेही करता येईल. ज्या ज्ञानाच्या बळावर तो तट उभा राहिला, ते ज्ञान जाणणारी पिढी एकदा गेल्यानंतर त्याची नोंद करणे शक्य होणार नाही.