२ सप्टेंबर २००५ : मदतनिधीच्या मंचावरून बुशना टोला

कॅटरिना वादळाने बुडालेल्या न्यू ऑर्लिन्ससाठी ‘एनबीसी’ या अमेरिकी वाहिनीने मदतनिधीचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित केला. विनोदी नट माइक मायर्स लिहून दिलेला मजकूर इमानेइतबारे वाचत होता. शेजारच्या रॅपर कान्ये वेस्टने मात्र तो बाजूला ठेवला. काळे कुटुंब दिसले की माध्यमे लुटारू म्हणतात, गोरे दिसले की अन्नाच्या शोधात निघालेले, असे तो बोलला. मग थेटच, अध्यक्ष बुशना काळ्यांची फिकीर नाही! मायर्सचा चेहरा पडला, कॅमेरा घाईघाईने दुसरीकडे वळला. पश्चिम किनाऱ्यावर नंतर दाखवताना वाहिनीने ते वाक्य कापले (माध्यमांवरच्या टीकेला याहून चांगला पुरावा कोणता?). बुशना मात्र तो घाव विसरता आला नाही. २०१० च्या आत्मकथनातही त्यांनी तो नोंदवला.