कुठला कोर्स घेऊ, काका?

या वर्षी गणपतीच्या दिवसांत रात्री साडेदहाला कोल्हापूरहून फोन आला. तिकडे सकाळचे आठ. म्हटलं, आरती ऐकवायला केला असेल. पण पलीकडे माझ्या मावसभावाची मुलगी होती. "काका, एमएससाठी युनिव्हर्सिट्यांची यादी करतेय. मला मेटलर्जी आवडतं. पण सगळे म्हणतात डेटा अॅनालिटिक्स घे, नोकरी लवकर लागते, मग एच-वन, मग ग्रीन कार्ड. तुम्ही सांगाल ते करीन."

शेवटचं वाक्य ऐकून मी जरा दचकलोच. हाच प्रश्न तिच्या बाबानं मला १९९९ साली विचारला होता आणि तेव्हा मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा झालो होतो. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. या वेळी मात्र मी तिला म्हटलं, "मला दोन आठवडे दे." त्या दोन आठवड्यांत जुने कायदे आणि जुनी माणसं यांची उजळणी केली. आपल्यापैकी कित्येक घरं या देशात विद्यार्थ्याच्या दारानं आली. त्या दाराचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा, म्हणून हा लेख.

पहिलं पत्र

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. १८८३ साली त्या न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पण या कहाणीची सुरुवात ज्या पत्रानं झाली, त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिलेल्या त्या पत्रात बायकोच्या शिक्षणाची चौकशी होती, तशीच स्वतःला अमेरिकेत योग्य नोकरी मिळेल का, हीही होती. म्हणजे अॅडमिशन आणि नोकरी या दोन्ही गोष्टी पहिल्यापासून एकाच पाकिटात होत्या! आजचा मुलगा हाच प्रश्न विचारतो तेव्हा आपण उगाच नाक मुरडतो.

आनंदीबाई येण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा इथे झाला होता. त्यातही विद्यार्थ्यांना सूट होती. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं हेच होत राहिलं. बाकीची दारं बंद झाली तरी विद्यार्थ्याचं दार किलकिलं राहिलं.

ये, शीक आणि जा

१९०६ साली श्रीधर व्यंकटेश केतकर आले. कॉर्नेलमध्ये त्यांनी डॉक्टरेट केली, भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं आणि परत जाऊन महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्याला गेले, पण जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते गाव सोडावं लागलं. ज्या नोकरीच्या भरवशावर शिष्यवृत्ती मिळाली होती, ती टिकली नाही. अर्थशास्त्राचा अभ्यास मात्र शेवटपर्यंत कामी आला.

त्याच काळात विदर्भातले पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतकीशास्त्र शिकत होते. गदर चळवळीत पडल्यामुळे इंग्रजांच्या राज्यात परतायची सोय राहिली नाही. शेवटी १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत पोचले. तिथल्या चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केलं. डिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. मायदेश नाही, ज्या देशात शिकले तो देश नाही, अशा वेळी त्यांना तिसऱ्या देशात भाकर दिली ती शेतकीच्या ज्ञानानं.

अमेरिकेचं दार त्या काळात तसं बंदच होतं. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा भाग बंदीच्या पट्ट्यात टाकला. विद्यार्थ्यांना सवलत होती, पण शिकून परत जायच्या बोलीवर. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंद हेही शिकायलाच आले होते, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते! हा अडसर १९४६ मध्ये निघाला. नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि कोटा किती? संपूर्ण हिंदुस्थानाला वर्षाला शंभर!

१९५२ च्या कायद्यानं विद्यार्थ्यांचा 'एफ' व्हिसा आणला. मायदेशचं घर सोडायचा इरादा नाही, अशी त्याची अट. १९८७ साली ब्रीच कँडीच्या कॉन्सुलेटच्या खिडकीपाशी मीही छातीठोकपणे सांगितलं होतं, "परत येणार." ते पूर्ण खोटं नव्हतं आणि पूर्ण खरंही नव्हतं. आपल्या पिढीतल्या बहुतेकांचं तसंच असावं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत कायद्यानंच शिकवली.

आठ डॉलरवाले

३ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रेसिडेंट जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. जुनी वंशावर बेतलेली कोटापद्धत गेली, भारतासारख्या देशांना प्रत्येकी वर्षाला वीस हजारांपर्यंत जागा आल्या आणि व्यावसायिक, शास्त्रज्ञ यांना वेगळा अग्रक्रम मिळाला. आपल्या मंडळांतले सत्तरीच्या-ऐंशीच्या पुढचे काका-मावशी या लाटेतले. खिशात परकीय चलन अवघं आठ डॉलर, पण विषय इंजिनिअरिंग किंवा मेडिसिन. कित्येकांना शिकता शिकताच ग्रीन कार्ड मिळालं.

आपण त्याचं सगळं श्रेय त्यांच्या हुशारीला देतो. हुशार ते होतेच. पण १९७६ मध्ये काँग्रेसनं परदेशी डॉक्टरांवर नवी बंधनं घातली आणि तितकाच हुशार असलेला पुढच्या वर्षीचा डॉक्टर मुंबईतच अडकला. विषय तोच, गुण तेच. फक्त साल बदललं.

माझं स्वतःचंही तसंच. मी स्ट्रक्चर्समध्ये एमएस केलं, प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं एक वर्ष संपता संपता पूल तपासणाऱ्या कंपनीत लागलो. व्हिसाला तेव्हा नुसतं एच-वन म्हणत, 'बी' नंतर चिकटला. तेवढ्यात १९९० चा कायदा झाला. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला ५४ हजारांवरून १ लाख ४० हजारांवर गेली आणि माझं काम झालं. मी मात्र पुढची दहा वर्षं हे सगळं माझ्या 'प्लॅनिंग'मुळे झालं असं समजून लोकांना सल्ले देत सुटलो.

१९९९ चा सल्ला

त्याच १९९० च्या कायद्यानं एच-वन-बी आणला. वर्षाला ६५ हजारांची मर्यादा, आणि मुख्य म्हणजे या व्हिसावर 'परत जाणार' म्हणायची सक्ती गेली. मग वाय-टू-केची धांदल उडाली. मर्यादा १९९९ साठी १ लाख १५ हजार झाली आणि २००१ ते २००३ साठी १ लाख ९५ हजार.

अशा वेळी कोल्हापूरहून मावसभावाचा फोन आला. मावशीचे यजमान उद्यमनगरात फाउंड्रीत होते. लहानपणापासून ओतकामाच्या वाळूत खेळलेला हा मुलगा, त्याला मेटलर्जीची चांगली अॅडमिशन होती. मी म्हटलं, "वेडा आहेस का? कॉम्प्युटर्स घे. इकडे लोक पकडून नेतात." त्यानं ऐकलं. मावशीनं कर्ज काढलं.

२००१ च्या मे महिन्यात तो पास झाला. डॉटकॉमचा फुगा तोवर फुटला होता, सप्टेंबरमध्ये तर सगळंच थांबलं. आमच्या बेसमेंटमध्ये बसून त्यानं शेकडो अर्ज केले. ट्रेनिंगचं वर्ष संपलं आणि २००२ च्या पावसाळ्यात तो परत गेला. विमानतळावर तो मला एका शब्दानं बोलला नाही, ते मला अजून लागतं.

या अभ्यासात मला एक आकडा सापडला. त्याच वर्षी १ लाख ९५ हजारांपैकी निम्म्याहून जास्त व्हिसा पडून राहिले. म्हणजे दार कधी नव्हे इतकं उघडं होतं, पण आत काम नव्हतं. मी दाराची रुंदी बघून सल्ला दिला होता.

आता कोर्सला कोड आला

२००४ साली मर्यादा पुन्हा ६५ हजार झाली. इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी वेगळे २० हजार आले. २००८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित या 'स्टेम' विषयांना ट्रेनिंगचे १७ महिने जादा मिळाले, २०१६ मध्ये ते २४ झाले. म्हणजे एकूण तीन वर्षं, लॉटरीत तीनदा नाव घालायची संधी. लगेच कॉलेजंही शहाणी झाली. अर्थशास्त्राच्या कोर्सला 'क्वांटिटेटिव्ह'चं लेबल आणि नवा सरकारी कोड लागला, एमबीएत अॅनालिटिक्स आलं. काही ठिकाणी तर नुसतं दारच विकायला काढलं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातली एक युनिव्हर्सिटी सरकारनं बंद केली, तेव्हा शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले, काहींच्या पायात पाळतीची कडी अडकवली गेली. २०१९ मध्ये मिशिगनची एक युनिव्हर्सिटी तर सरकारनंच सापळा म्हणून काढलेली निघाली!

ग्रीन कार्डाचं म्हणाल, तर रांग लागते ती जन्मदेशाप्रमाणे. एका देशाला साधारण सात टक्के. कोर्स कुठलाही घ्या, भारतात जन्मलेल्यांच्या नोकरीवरच्या रांगा दहा वर्षांच्या पार पुढे गेल्या आहेत. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. इथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ती नाही, हा खुलासा यायला महिना लागला. त्या महिन्यात किती घरांतली झोप उडाली, ते आपण पाहिलं आहे.

मी तिला काय सांगितलं

दोन आठवड्यांनी फोन केला. तिला म्हटलं, हे घे किंवा ते घे असं मी सांगणार नाही. कायदा दर चार-पाच वर्षांनी कूस बदलतो, आणि तू अर्ज करशील त्या दिवसाचा कायदा तू पास होशील त्या दिवशी असेलच असं नाही. मात्र तीन प्रश्न स्वतःला विचार. तीन वर्षांनी परत यावं लागलं, तर या पदवीवर तिथे कर्ज फिटेल का? या विषयातल्या किती नोकऱ्या नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या असतात? मेटलर्जीत विमानं आणि संरक्षण खात्याचं काम पुष्कळ, तिथे ही अडचण येते, हे मी लपवलं नाही. आणि ग्रीन कार्डाचं नावच कुणी काढलं नाही, तरी हा विषय तू शिकशील का?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे. पहिल्याचं बाबांना विचारते."

तिचा बाबा आज कोल्हापुरात स्वतःची छोटी फाउंड्री चालवतो. परतल्यावर दोन वर्षं पुण्यात प्रोग्रॅमिंग करून शेवटी तो आपल्या वाळूकडेच गेला. कॉम्प्युटरचा उपयोग झालाच, साच्यांची डिझाइन्स तो स्वतः करतो. कर्ज फिटायला मात्र नऊ वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "दादा, पोरीला काय सांगितलंस?"

"काहीच नाही रे. नुसता इतिहास सांगितला."

पलीकडे तो हसला. "बरं केलंस. मला तेव्हा तेवढाच सांगायला हवा होतास."