मूळ संहिता आणि खरी नक्कल

ज्यांचे आयुष्य कचेरीत गेले त्यांस मूळ दस्तऐवज आणि खरी नक्कल यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. नक्कल कितीही सुवाच्य असली, तरी तिचे मोल ती मुळाशी ताडून पाहणाऱ्याच्या सहीवर ठरते. संगणकाच्या जगात हाच प्रश्न गेली चाळीस वर्षे निराळ्या रूपाने उभा आहे, आणि त्याचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

मनुष्यास वाचता येते ती मूळ संहिता. यंत्रास चालते ती बायनरी. कंपायलर पहिलीपासून दुसरी घडवितो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला, तेव्हा त्यांचा आग्रह संहितेविषयी होता: ती वाचण्याचा, सुधारण्याचा आणि वाटण्याचा हक्क सर्वांस असावा. १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स पुढे आणले. तथापि संहिता खुली झाली म्हणजे ती सर्वांच्या उपयोगी पडली असे होत नाही. ती स्वतः बांधावयाची तर कंपायलर हवा, लायब्रऱ्या हव्यात, आणि त्याही नेमक्या आवृत्तीच्या हव्यात.

ही अडचण दूर करणारे मध्यस्थ लवकरच पुढे आले. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन हे दोन्ही उपक्रम सुरू झाले. पुढे डेबियनची 'डेब' आणि रेड हॅटची 'आरपीएम' अशी पॅकेजे रूढ झाली. पॅकेजात बायनरीसोबत तिला आणखी काय काय लागते याची यादीही असते. 'ॲप्ट'सारखी साधने ती यादी वाचून उरलेले सामान आपोआप आणू लागली, आणि सामान्य माणसाची बांधणीच्या कटकटीतून सुटका झाली.

परंतु एकच पॅकेज सर्वत्र चालत नाही. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स यांचे बायनरीचे साचे भिन्न आहेत. प्रोसेसर पालटला तरी नवी बांधणी लागते. २०२० साली ॲपलने इंटेलचा प्रोसेसर सोडण्यास आरंभ केला, तेव्हा अनेकांस एकाच संहितेच्या दोन बायनऱ्या करणे भाग पडले. लिनक्सवरही नव्या सी-लायब्ररीवर बांधलेली बायनरी जुन्या यंत्रणेवर पुष्कळदा चालत नाही. म्हणून जाणते लोक मुद्दाम जुन्या यंत्रणेवर बांधणी करतात. अशा रीतीने एका मुळाच्या अनेक नकला होतात, आणि बहुतेकांच्या हाती नक्कलच पडते.

ती मुळाबरहुकूम आहे हे कोणी सांगावे? केन टॉमसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखविले, की कंपायलरच बिघडविलेला असेल तर निर्दोष संहितेतूनही दूषित बायनरी निघते. २०२४ च्या मार्चमध्ये या भीतीचा निराळा प्रत्यय आला. 'एक्सझेड' या संक्षेपसाधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या वाटपाच्या गठ्ठ्यांत बांधणीची अशी एक फाइल होती, जी सार्वजनिक संहिताभांडारात नव्हती. डेब किंवा आरपीएम पॅकेजाची बांधणी चालू आहे असे दिसताच ती चोरवाट घालीत असे. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड यांस ती सापडली. संहिता खुली होती. परंतु वाटलेला गठ्ठा तिच्याशी कोणी ताडून पाहिला नव्हता.

यावरील एक उपाय डेबियनमध्ये २०१३ पासून नेटाने चालू आहे. कोणीही, कोठेही, त्याच संहितेतून आणि त्याच साधनांनी बांधणी केली, तर शेवटच्या बिटापर्यंत तीच बायनरी निघावी, असा हा संकल्प आहे. बांधणीची वेळ, फोल्डरांची नावे, फायलींचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टींनी प्रती भिन्न होतात. त्या एकेक करून काढाव्या लागतात. मग एकाच्या सहीवर विसंबण्याऐवजी अनेकांस स्वतंत्रपणे पडताळा घेता येतो. तथापि या उपायाने दूषित संहिता किंवा दूषित गठ्ठा शुद्ध होत नाही. ते वाचणारा डोळा लागतोच.

हे दूरचे प्रकरण नव्हे. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनच्याच पायावर उभी आहे, आणि भारत सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात ओपन सोर्सचा अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. संहिता पाहण्याचा हक्क धोरणाने मिळतो. नक्कल मुळाशी ताडण्याचे श्रम मात्र कोणास तरी नेमून द्यावे लागतात, आणि आमच्या मते ते नेमून देणे हे धोरणाचेच उरलेले अर्धे काम होय.