सही दिल्लीची, सवाल बपेऱ्याचा

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली ती राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला बुलडोझर फिरले आणि मुसलमानांची घरं पडली. ‘वर आपला माणूस असला की झालं’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना मी हा इतिहास नेहमी सांगतो.

मार्च १९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार घालवलं. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं. वरच्या दाराला कुलूप लागलं. खाली काय झालं? महाराष्ट्रात १९७९ नंतर जिल्हा परिषदांची निवडणूक झाली ती थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षं! त्यासाठी आणीबाणी लागली नाही, निवडणूक पुढे ढकलत राहणं पुरलं. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीनं पाच वर्षांची मुदत बांधून दिली. तरीही २०२२ पासून कित्येक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या.

भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर बपेरा आहे. अशा गावांत रस्त्याचा, पाण्याचा जाब विचारायला निवडून आलेला माणूस नसला, की लोकशाही आटली हे कळतं. जिथे आपली घरं मोजकी, तिथे संख्येच्या जोरावर काही मिळत नाही. पण ग्रामसभेत एकट्यालाही उभं राहून ‘माझा प्रश्न इतिवृत्तात लिहा’ म्हणता येतं. लोकशाही मुरते ती तिथे. पुढच्या ग्रामसभेला जा; घरातल्या बायकांनाही सोबत न्या.