आधी वळूची तपासणी

मागच्या महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या दोन बायका कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. "चार वर्षं झाली, अजून काही नाही. सगळ्या तपासण्या झाल्या तिच्या." मला राहवलं नाही. विचारलं, "आणि मुलाच्या?" मी जिलबीऐवजी भलतंच काही मागितलं की काय, अशा नजरेनं दोघींनी माझ्याकडे पाहिलं. विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

मी इतिहासाचा मास्तर, विज्ञानाचा नाही. पण या विषयाचा पहिला धडा मला शाळेत किंवा कॉलेजात मिळाला नाही. तो मिळाला गुरांच्या दवाखान्यात.

गोष्ट १९७४ ची. नोकरीच्या गावी मी भाड्याने राहायचो. घरमालकांची गाय दोनदा भरवूनही उलटली होती. तिसऱ्यांदा ती माजावर आली, तेव्हा सोबत म्हणून मीही गेलो. तेव्हा रेत बर्फ घातलेल्या थर्मासमधून येत असे. डॉक्टरांनी त्याचा थेंब कोमट काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाले, "या मास्तर, बघा." मी डोळा लावला. बारीक बारीक जीव शेपट्या हलवत पळत होते. काही सरळ पुढे जात होते, काही जागच्या जागी गोल फिरत होते, काही निपचित पडले होते. डॉक्टर म्हणाले, "पोरांची पटसंख्या नुसती मोठी असून भागत नाही ना? तसंच आहे हे. सरळ पुढे जाणारे किती, ते महत्त्वाचं. गाय उलटली की आम्ही आधी हे बघतो. वळूच बाद असेल तर गायीला सुया टोचून काय उपयोग?"

त्या वाक्यानं मी चरकलो. का, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

हे जीव पहिल्यांदा पाहिले ते १६७७ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी. पाहणारा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी चढलेला नाही, डच सोडून दुसरी भाषा येत नाही. (आम्हा मराठी माध्यमवाल्यांना केवढा आधार!) वैद्यकीच्या हाम नावाच्या विद्यार्थ्यानं एका रुग्णाचा नमुना आणून दाखवला, मग लेव्हेनहूकनं निरोगी माणसाचा, म्हणजे स्वतःचाच, नमुना पाहिला. लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवताना त्यानं खुलासा केला, की आपण कोणतंही पाप केलेलं नाही, हे संसारातलंच उरलेलं आहे. विद्वानांना किळस वाटली तर हे खाजगी समजावं, अशीही विनंती केली. म्हणजे संकोच तेव्हाही होताच, पण त्यानं पाहिलं आणि लिहिलं.

पुढे त्याचंही चुकलं. सगळा जीव या जंतूतच असतो, आईकडून फक्त पोषण मिळतं, असं तो मानू लागला. आपल्याकडेही मनुस्मृतीत पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र. गंमत अशी, की पीक आलं की श्रेय बीजाचं आणि नाही आलं की दोष शेताचा! खरं तर आपल्याच चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. म्हणजे बी किडकं असू शकतं हे आपल्या वैद्यांना ठाऊक होतं. घरोघरच्या सासवांपर्यंत ते पोचलं नाही, इतकंच.

इटलीतला स्पालान्झानी हा पाद्री माणूस. त्यानं बेडकांच्या नरांना चक्क तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या आणि दाखवलं, की नराचं वीर्य अंड्यापर्यंत पोचलं नाही तर अंडी फळत नाहीत. बर्फात गार केल्यावर हे जंतू थंडावतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलू लागतात, हेही त्यानं पाहिलं. १७८० च्या सुमारास एका कुत्रीला पिचकारीनं वीर्य देऊन तिला तीन पिल्लं झाली. तरीही हे जंतूच खरे कर्ते, हे त्यानं मानलं नाही. ते १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा यांनी वीर्य गाळून दाखवलं. दोन्ही केंद्रकं एकत्र येतात, आईचा वाटा बापाइतकाच असतो, हे हर्टविगनं १८७६ मध्ये समुद्री जीवांच्या अंड्यात पाहिलं. एका थेंबाचा अर्थ लागायला दोनशे वर्षं गेली!

१९४९ मध्ये लंडनला पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचं वीर्य गोठवायच्या खटपटीत होते. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाला, साखरेऐवजी ग्लिसरीन पडलं आणि गोठवलेले जंतू पुन्हा पळू लागले! त्यातून गोठवलेल्या रेताचा मार्ग खुला झाला. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बायफ' संस्था सुरू केली आणि संकरित गायींचं काम गावोगाव नेलं. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमधली रेताची कांडी घेऊन मोटारसायकलवर येणारा माणूस पुढे गावांच्या ओळखीचा झाला.

या जंतूंची चाल कशानं मंदावते? पहिला शत्रू उष्णता. वृषण शरीराबाहेर असतात ते याचसाठी; त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. उन्हाळ्यात वळूचं रेत उतरतं, तसा माणसाला मोठा ताप येऊन गेला तरी परिणाम काही आठवड्यांनी दिसतो, कारण नवे जंतू तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, तंबाखू-सिगारेट, काही रोग, काही रसायनं हेही आहेतच. कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशकाच्या कारखान्यात १९७७ मध्ये कामगारांच्या लक्षात आलं, की कुणालाच मुलं होत नाहीत. तपासणी झाली तेव्हा डीबीसीपी नावाच्या रसायनाचा प्रताप कळला. जागतिक आरोग्य संघटनेनं माणसाच्या तपासणीची पद्धत १९८० पासून पुस्तकरूपानं घालून दिली आहे. २०२१ च्या आवृत्तीत सरळ पुढे जाणाऱ्यांचं प्रमाण निदान ३० टक्के धरलं आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला सापडतं.

आता चरकलो का, ते सांगतो. त्या वर्षी आमच्या काकीच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं उपास, नवस, अंगारे, धुपारे. डोहाळजेवणाला तिला बोलावणं नसे. बारशाला ती आपणहून मागच्या दारी भांडी घासत बसायची. अण्णांना, म्हणजे काकांना, कुणी कधी एक शब्द विचारला नाही. आजी मात्र सहज सांगायची, की अण्णाला सतराव्या वर्षी गालगुंड झाले होते आणि "खालीही सूज आली होती, आठ दिवस उठला नव्हता." वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली तर काहींना त्याचा पुढे त्रास होतो, हे मी नंतर वाचलं. अण्णांच्या बाबतीत तेच झालं, असं मी म्हणणार नाही. तपासणीच झाली नाही.

त्या दिवाळीत घरी गेलो ते ठरवूनच, की अण्णांशी बोलायचं. अण्णा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, गुरांच्या दवाखान्यात एक गंमत पाहिली." गायीची गोष्ट सांगितली. वळूपर्यंत आलो आणि जीभ अडखळली. पंचविशीतला पुतण्या, समोर वडीलधारं माणूस! अण्णा म्हणाले, "मग, राहिली का गाय?" मी म्हटलं, "राहिली." संपलं बोलणं. आत काकी दिवे पुसत होती. तिनं ऐकलं असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही. दोघंही आता नाहीत.

गावच्या वळूला जो न्याय मिळाला, तो आमच्या काकीला मिळाला नाही, आणि त्यात माझंही मौन आहे. मुलांना इतिहास शिकवताना मी नेहमी म्हणायचो, की पुरावा तपासल्याशिवाय निकाल देऊ नका. घरात मात्र निकाल आधीच लागला होता आणि मी गप्प बसलो.

आमच्या घरातली तरुण मंडळी हे वाचतात, म्हणून स्पष्टच लिहितो. अशी वेळ आली तर दवाखान्यात दोघांनी बरोबर जा, आणि पहिल्या दिवशीच पुरुषाचीही तपासणी करा. ती सोपी असते, टोचाटोची नसते. त्यात पुरुषपणा जात नाही. आणि पंगतीत कुणी सुनेबद्दल बोललं, तर "आणि मुलाच्या?" एवढं नक्की विचारा. जिलबी थोडी गार झाली तरी चालेल.