संगणकाचा ताप आणि हमीचा कागद

‘तकरार’ हा मूळ अरबी शब्द. अर्थ, पुन्हा पुन्हा करणे. उर्दूत येताना त्याला भांडणाचा रंग चढला आणि मराठीत तो ‘तक्रार’ होऊन अर्जाच्या फाइलमध्ये जाऊन बसला. नवा, भारीतला संगणक घेतलेल्या माणसाला हे तिन्ही अर्थ एकाच महिन्यात कळू शकतात. पडद्यावर रोज तोच संदेश येतो, विक्रेत्याशी वाद होतो आणि शेवटी अर्ज लिहावा लागतो. संदेश बहुतेक वेळा एकच असतो : सीपीयू फॅन एरर.

वाचकहो, हा ताप नवा नाही. संगणक जन्मला तेव्हापासून तो तापलेलाच आहे. फेब्रुवारी 1946 मध्ये फिलाडेल्फियात ‘एनियाक’ लोकांसमोर आला. त्यात सुमारे 18 हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज घेई. म्हणजे शंभर वॉटचे दीड हजार दिवे एका दालनात कायम पेटलेले. ती उष्णता बाहेर काढायला मोठे पंखे बसवावे लागले. नळ्या जास्त जळत त्या यंत्र सुरू करताना आणि बंद करताना, गरम-थंड होण्याच्या ताणाने. म्हणून पुढे ते शक्यतो बंदच करत नसत.

1976 चा ‘क्रे-1’ तर याहून बोलका. जगातला सर्वांत वेगवान संगणक, पण त्याच्या रचनेतला अवघड भाग गणिताचा नव्हता, थंड ठेवण्याचा होता. सर्किटांच्या पाट्यांमध्ये तांब्याचे पत्रे घातले होते. पत्र्यांतली उष्णता बाजूच्या ॲल्युमिनियमच्या खांबांत जाई आणि खांबांतल्या नळ्यांतून फ्रीऑन वाहत असे, आपल्या फ्रिजसारखाच. पहिलेच यंत्र याच व्यवस्थेमुळे सहा महिने रखडले. फ्रीऑनसोबत फिरणारे वंगण झिरपायचे आणि पाट्यांवर तेलाचा थर बसून शॉर्ट सर्किट व्हायचे. 1985 च्या ‘क्रे-2’ मध्ये त्यांनी सगळी सर्किटेच एका वीजरोधक द्रवात बुडवून टाकली. (याच क्रे कंपनीचे एक यंत्र भारताला 1980 च्या दशकाच्या अखेरीस हवामानाच्या अंदाजासाठी मिळाले, तेही वापरावर अटी घालून. त्याच काळात पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम 8000’ तयार झाला. हमीपत्रातल्या अटी किती टोचतात हे आपल्या देशाने तेव्हाच अनुभवले म्हणायचे.)

घरातल्या-ऑफिसातल्या संगणकाला मात्र बरीच वर्षे ताप नव्हता. 386 चिप उघडी बोडकीच चाले. 1993 चा पहिला पेंटियम साधारण 15 वॉट उष्णता टाकू लागला आणि डोक्यावर धातूची पन्हाळी व पंखा ही टोपी कायमची आली. 2004 च्या पेंटियम 4 ने शंभर वॉट ओलांडले. नखाएवढ्या सिलिकॉनमधून शंभर वॉट! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 काढण्याचा बेत सोडून दिला आणि पुढे एका चिपवर दोन-दोन, चार-चार कोअर बसवायची वाट धरली. आज आपण ‘किती कोअर?’ असे विचारतो त्यामागे ही उष्णता आहे.

2001 ची एक चाचणी त्या काळी फार गाजली. ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू संगणकाच्या प्रोसेसरवरची पन्हाळी उचलून काढली. एएमडीच्या ॲथलॉनमधून क्षणात धूर निघाला. पेंटियम 3 गोठून बसला. पेंटियम 4 मात्र मंदावला आणि कूर्मगतीने का होईना चालत राहिला. त्या चित्रफितीनंतर चिपने स्वतःला वाचवलेच पाहिजे, हे गृहीत धरले जाऊ लागले. आजचा प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आपणच वेग कमी करतो आणि तरी भागले नाही तर बंद पडतो. म्हणून हल्ली दोष धुराच्या रूपात दिसत नाही. नवे यंत्र जुन्यासारखे रेंगाळते, एवढेच. तळाची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायची राहिलेली असते, थर्मल पेस्ट नीट पसरलेली नसते किंवा प्रवासात कूलरची एक खुंटी निसटलेली असते.

आणि फॅन एरर? पंख्याच्या तिसऱ्या तारेतून प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके मदरबोर्डला जातात. बोर्ड ते मोजतो. ठोके आले नाहीत, किंवा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आले, की तो सुरुवातीलाच थांबतो. पंखा खरोखर मेलेला असेल असे नाही.

आमच्या शाळेत उर्दू-मराठी धड्यांच्या चित्रफिती करण्यासाठी घेतलेल्या तीन वर्कस्टेशनपैकी एकाचे असेच झाले. पंखा डोळ्यांदेखत फिरत होता आणि पडदा म्हणत होता, पंखा नाही. कुणी म्हणाले एफ-1 दाबून पुढे जा, कुणी म्हणाले बायोसमध्ये ‘इग्नोर’ करा. चौकीदाराच्या कानात बोळे घालून घराची राखण होत नाही, म्हणून मी ते होऊ दिले नाही. विक्रेत्याचे उत्तर आले : कॅबिनेटचे सील तुटले आहे, वॉरंटी संपली. सील तोडले होते त्यांच्याच माणसाने, रॅम वाढवताना. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर त्याची तारखेसह सही होती. त्या कागदाची प्रत जोडलेल्या तिसऱ्या पत्रानंतर ते आले. रॅम बसवताना काढलेल्या पंख्याची तार शेजारच्या, कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी खोचली होती. काम दोन मिनिटांचे, यंत्र सात आठवडे बंद.

पत्रे लिहिताना मला राहून राहून फिकहमधला ‘खियार-ए-ऐब’ आठवत होता. विकलेल्या वस्तूत आधीपासूनचा लपलेला दोष निघाला तर ती परत करण्याचा खरेदीदाराचा अधिकार. मौज पुढच्या कलमात आहे. वस्तू खरेदीदाराच्या ताब्यात असताना तिच्यात दुसरा नवा दोष पडला, तर हनफी मतानुसार तो ती परत करू शकत नाही, पण जुन्या दोषापोटी किमतीतला फरक मागू शकतो. म्हणजे ‘तुम्ही हात लावलात, आता सगळेच संपले’ असे नाही. उस्मानी राजवटीने 1869 ते 1876 दरम्यान ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता केली, तीत हा नियम कलमवार लिहिलेला आहे. आजच्या सील-स्टिकरवाल्यांपेक्षा तो मला जास्त समंजस वाटतो.

आपल्याकडे 1930 च्या मालविक्री कायद्यात खरेदीदाराने स्वतः पाहून घ्यावे हे तत्त्व आहे, पण विक्रेत्याच्या भरवशावर घेतलेला माल कामाला योग्य असला पाहिजे, हा अपवादही आहे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला दाद मागायची सोपी जागा दिली. 2019 च्या नव्या कायद्याने ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाता येऊ लागले. मुदत दोन वर्षांची. अमेरिकेत 1975 चा वॉरंटी कायदा आहे. ‘सील काढल्यास हमी रद्द’ अशा मजकुराबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने 2018 मध्ये सहा कंपन्यांना तंबीची पत्रे पाठवली.

एक गोष्ट मात्र बिल करतानाच विचारावी. जोडून दिलेल्या संगणकात हमी एक नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. डब्यातून आलेल्या प्रोसेसरला सहसा कंपनीची तीन वर्षांची हमी मिळते. ‘ट्रे’मधल्या सुट्या प्रोसेसरसाठी विक्रेत्याकडेच जावे लागते. दिसायला दोन्ही अगदी सारखे.

मुदतीचा आकडाही दगडावरची रेघ नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले आणि तक्रारी साचत गेल्या. अखेर 2024 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्यांची हमी तीनवरून पाच वर्षांवर नेली. ज्यांनी आपले बिल जपून ठेवले होते त्यांना ती वाढीव दोन वर्षे मागता आली.